हिरामावशीची बॅटरी

हिरामावशी लहान मुलाला नाव विचारत नाही. आधी हनुवटी धरते, कमरेला खोचलेली बॅटरी काढते आणि म्हणते, "आ कर." मळवलीत ती एका बंगल्याची राखण करते. तिथे सुट्टीला आलेल्या पाहुण्यांची पोरंही यातून सुटत नाहीत. ती आमच्या शेजारीच राहते, पण एका जागी बसलेलं मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

किडक्या दातावर तिचा उपाय एकच, लवंगेच्या तेलाचा बोळा. मी दातांच्या कॉलेजात गेले, घरातून कॉलेजात जाणारी पहिलीच. गावाने पेढे खाल्ले, मावशीने परीक्षा घेतली. दुधाची दाढ खोल किडली तर आत काय भरता? मी अडखळत सांगितलं, की नसेचा सडलेला भाग काढून वर लवंगेच्या तेलात कालवलेली भुकटी भरतात. आता नवं सिमेंटही आलंय, त्याला तो वास नसतो.

"वास न्हाई म्हंजे औशिद न्हाई," मावशीने मला नापास केलं.

गेल्या महिन्यात बंगलोरहून तिच्या मुलाचा फोन आला. नातवाची, अर्णवची, दाढ ठणकत होती. तिथला डॉक्टर काढून टाकू म्हणत होता. झालं, मावशीच्या आमच्या अंगणात येरझाऱ्या सुरू. काढू नका, हिकडं आणा, आमची डाक्टरीन भरंल! मी घाबरले, अजून शिकतेच आहे. पण कॉलेजातल्या सरांना विचारलं, ते आणा म्हणाले. मावशीने खोली धुतली, नवी चादर घातली. इंद्रायणीचा मऊ भात भरल्या दाढेला चालंल ना, हे तर येता-जाता विचारायची.

रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल आला. तिथेच दुसऱ्या डॉक्टरने दाढ वाचवली होती. मावशीने सवयीने बॅटरी काढली आणि मोबाइलच्या काचेवर मारली. उजेड उलटून तिच्याच डोळ्यांत गेला.

"अगं आजी, काहीतरीच काय," अर्णव हसला.

"लवंगेचा वास येतो का रं?"

"नाही."

आता नव्या सिमेंटचा उद्धार होणार, असं मला वाटलं. ती नुसतं "बरं" म्हणाली.

फोन बंद झाल्यावर तिने मला विचारलं, "ते शिमिट निघत न्हाई ना गं?"

नीट भरलं असेल तर दाढ आपोआप पडेपर्यंत टिकतं, मी म्हटलं.

"चांगलं हाय." मग हळूच, "मंग आता त्यो कशाला येतोय हिकडं."

आणि ती आमच्या ओट्यावर बसली. हातातली बॅटरी भर दुपारी चालूच होती.

मी तिच्यासमोर बसले आणि आ केला.