वडनेर भोलजीच्या नव्वदी कॅसेटीची बखर

श्रीविठ्ठल समर्थ. ज्याच्या कानी कीर्तन पडले त्याचे पातक पळाले, आणि ज्याच्या कानी पडावयाचे राहिले त्याजकरिता देवाने ध्वनिमुद्रणाची विद्या निर्माण केली, ऐसा आदिसंकेत. त्या विद्येची राज्ये कोणकोणती जाहली, कोण तख्तावर चढला, कोण पायउतार जाहला, आणि अखेरीस वडनेर भोलजी, परगणे नांदुरा, येथील राजमान्य राजश्री उकंडराव यांनी एका कॅसेटीकरिता कैसी मोहीम केली, ते वर्तमान श्रोतेजनांनी सुपारी तोंडात धरून स्वस्थ चित्ते ऐकावे.

प्रथम राज्य मेणाच्या नळकांड्याचे. ते ऊन लागताच पाझरे, सबब वऱ्हाडच्या वैशाखापुढे त्याचा अंमल बसलाच नाही. मग लाखेची तबकडी तख्तनशीन जाहली, ती मिनिटास अठ्ठ्याहत्तर गिरक्या घेई आणि साडेतीन मिनिटांत दम सोडी, इतक्यात आमच्या कीर्तनकाराचा फेटाही नीट बसत नाही. मग लांब मुदतीची तबकडी आली, तिने तेहतीस गिरक्यांत धीर धरिला, परंतु ती कारखान्यातूनच भरून येई, मंडपात बसून कोणास भरता येईना. मग चुंबकी फितीचे रीळ आले, मोठे मातबर, परंतु त्याचा मुक्काम सदैव रेडिओच्या सरकारवाड्यात. त्याच फितीची धाकटी पाती जी कॅसेट, ती मात्र निखळ रयतेची. खिशात मावे, मळ्यात जाई, कांद्याच्या ढिगावर बसूनही गाई. तिच्यातही तीन जाती: साठी, जी दर बाजूस तीस मिनिटे चाले आणि भजनास पुरे, नव्वदी, जी दर बाजूस पंचेचाळीस चाले आणि कीर्तनास लायक, आणि एकशेविशी, जिची फीत कांद्याच्या सालीपरीस पातळ, ती यंत्रात गुंतोन ऐन वेळी दगा करी. मग सीडी आली, चकचकीत परंतु ओरखड्यास भिणारी, आणि मग पेनड्राइव्ह आला, ज्यास ना दोन बाजू, ना उलटावयाचे काम. ऐशी ही वंशावळ.

यांपैकी उकंडरावांची निष्ठा कॅसेटीच्या ठायी होती, आणि त्यास कारण होते.

सुमारे तीस वर्षांपूर्वी गावच्या सप्ताहात काल्याचे कीर्तन मोतीराम महाराज जळगाव जामोदकर यांचे जाहले. महाराजांचा आवाज ऐसा की पहिला चरण उचलताच मंडपातली रडती पोरे गप्प होत आणि गप्प म्हातारे रडू लागत. उकंडराव त्या समयी त्यांच्या पाठीशी टाळ घेऊन उभे होते, आणि त्यांच्याच पायाशी कांद्याच्या खोक्यावर टेपरेकॉर्डर ठेवोन त्याची खिदमतही त्यांजकडेच सोपविली होती. नव्वदी कॅसेट घातली, बटण दाबिले, फत्ते जाली. कीर्तन संपताच कॅसेटीच्या पाठीचे दोन्ही दात पाडिले, म्हणजे तिजवर दुसरे काही भरता न यावे, आणि डबीच्या कागदावर वळणदार अक्षरे लिहिली: "मोतीराम महाराज, काल्याचे कीर्तन, संपूर्ण."

आता येथे एक गोष्ट बखरकाराने लपविता नये. ते कीर्तन संपूर्ण नव्हते. पहिली बाजू पंचेचाळीस मिनिटांनी खटकन थांबली, तेव्हा उकंडराव डोळे मिटोन टाळ कुटीत होते, आणि भानावर येऊन कॅसेट उलटीतो सात मिनिटे निसटोन गेली. ती सात मिनिटे म्हणजे कीर्तनाचा कळस. हे गुपित उकंडरावांनी कोणास कळू दिले नाही. दर एकादशीस कॅसेट लाविली जाई, लोक जमत, आणि पहिली बाजू सरत आली की उकंडरावांस ऐसा खोकला उठे की कोणी पाणी आणी, कोणी पाठ चोळी, आणि त्या धामधुमीत ते हळूच कॅसेट पलटीत. मग तीन वर्षांमागे टेपरेकॉर्डर निमाला, आणि खोकलाही बरा जाहला.

सांप्रत वर्तमान आले की मोतीराम महाराजांच्या घशाचे शस्त्रकर्म होऊन आवाज कायमचा गेला, ते पाटीवर लिहून बोलतात, आणि यंदाच्या काल्यास प्रसादापुरते येऊन बसणार आहेत. हे ऐकताच उकंडरावांनी मनाशी हिशेब मांडिला. महाराजांचा आवाज साऱ्या पृथ्वीवर आता एकाच ठिकाणी उरला होता, आणि ते ठिकाण आपल्या देवघरात, गंगेच्या गडूशेजारी. तो त्यांस एकवार ऐकवावा, ऐसा निश्चय केला. मुदत दोन दिवसांची.

खलबत स्वयंपाकघरात जाहले. सूनबाई सुचिता यांनी अर्ज केला, "मामाजी, यूट्यूबवर पाहा नं, सारे महाराज सापडतात." पाहिले. सारे सापडले, मोतीराम महाराज मात्र सापडले नाहीत. मग उकंडरावांचे कुटुंब गोजरबाईसाहेब यांनी चुलीपासून न हलता फर्मान काढिले ऐसे की, "नांदुऱ्याले जा, टेशनापाशी तो ज्ञानेश्वर हाये, तो दुरुस्त करते. अन् जाऊन राह्यले त टोपी घालून जा, मागच्या खेपी बोडख्यानं गेले होते."

मग उकंडरावांची खासा स्वारी टोपीनिशी निघाली. टेपरेकॉर्डर धोतराच्या जुन्या पानात बांधिला, कॅसेट छातीच्या खिशात ठेविली, आणि फीत सैल पडल्यास आवळावयास सहा धारांची पेन्सिल शस्त्र म्हणोन कानामागे खोविली. एसटीत उभे राहावे लागले, परंतु खिशावरचा हात ढळू दिला नाही.

ज्ञानेश्वरांचे दुकान मोबाइलांचे. त्यांनी टेपरेकॉर्डर पाहोन कपाळास हात लाविला, मग झाकण उघडले तो आतील रबरी पट्टा विरघळोन डांबर जाहला होता. तो खरवडोन काढिला, मेलेल्या एका यंत्राच्या पोटातून दुसरा पट्टा काढोन चढविला, फीत जेथे घासते ते डोके स्पिरिटाने पुसले. मग कॅसेट घातली आणि बटण दाबिले. कॅसेट हलेना. पुन्हा दाबिले. हलेना. फीत ताणली जाऊन तुटावयाच्या बेतास आली, तेव्हा उकंडरावांनी हंबरडा फोडिला, "अरे बंद कर! बंद कर बापा, महाराजाचा गळा दाबून राह्यला तू!"

मग कॅसेट बाहेर काढोन तिचे पाच स्क्रू एक एक करोन उघडिले. ज्ञानेश्वर चिमटा घेऊन आत वाकले, आणि वर पाहिले ते मोठ्या विस्मयाने.

"काका, इच्यात तांदूळ काऊन हाये?"

तीन दाणे. तिन्हीस कुंकू लागलेले. एक चाकाच्या दातात ठाण मांडून, दोन कोपऱ्यात दबा धरून.

उकंडरावांस सारा उलगडा जाहला. खंडेनवमीस घरची हत्यारे पूजावी ऐसी चाल, आणि गोजरबाईसाहेब विळ्या-कोयत्यांच्या पंक्तीस फवारणीचा पंप मांडीत तैसीच ही कॅसेटही मांडीत, तोंड वर करोन, आणि वरून हळद, कुंकू, अक्षता. टेपरेकॉर्डर निमाल्यापासून नवम्या तीन जाहल्या, दाणे तीन सापडले. शत्रू बाहेरचा नव्हता, भक्तीच घरभेदी निघाली.

दाणे काढिताच फीत मोकळी जाहली, आणि दुकानात, मोबाइलांच्या केकाटण्यात, तीस वर्षांपलीकडचा आवाज उभा राहिला. समोरच्या बाकावरील दोन गिऱ्हाइके आपापले फोन विसरली. ज्ञानेश्वरांनी ऐकत ऐकत पहिली बाजू सरेतो काही काम केले नाही. मग खटका पडला, दुसरी बाजू लाविली, आणि ते चाणाक्ष असल्याने समजले.

"काका, मंधात थोडं तुटलं हाये. पेनड्राइव्हमध्ये घेऊन दोन्ही बाजू अशा जोडून देतो का कोनाले समजनार नाही. महाराजालेही नाही."

हा क्षण मोहिमेत सर्वांत बिकट. तीस वर्षांचा खोकला एका पेनड्राइव्हात कायमचा बरा होत होता. उकंडरावांनी टोपी काढोन मांडीवर ठेविली. मग बोलले, "नको बापा. महाराजानं जे म्हटलं नाही, ते त्याहीच्या तोंडी कसं घालू? जसं हाये तसंच राहू दे."

काल्याचा दिवस उगवला. मारुतीच्या पारासमोर मंडप, दहीहंडी फुटलेली, लाह्यांचा प्रसाद वाटलेला, आणि व्यासपीठाशेजारी खुर्चीत मोतीराम महाराज, गळ्याला उपरणे, मांडीवर पाटी. उकंडरावांनी टेपरेकॉर्डर माइकापुढे खोक्यावरच ठेविला, कांद्याच्याच, आणि बटण दाबिले.

महाराजांनी प्रथम मान वळवोन कोण गातो ते पाहिले. मग ओळखले. मग उपरण्याचे टोक डोळ्यांस लाविले आणि ते तेथेच ठेविले. गावाने तो आवाज तीन वर्षांनी ऐकिला, धाकट्या पोरांनी तर पहिल्यानेच, आणि प्रसादाचे द्रोण हातातच राहिले.

पंचेचाळीस मिनिटे सरत आली. महाराजांचा आवाज चढत कळसाशी आला, अभंगाचा शेवटचा चरण उचलिला, आणि उकंडरावांच्या घशात तो जुना इमानी खोकला हजर जाहला. त्यांनी तो गिळला. खटकन फीत थांबली. उकंडराव मान खाली घालून उभे. कॅसेट उलटवावयास हात उठेना.

तेव्हा महाराजांचा उजवा तळवा मांडीवर पडला. एकदा, पुन्हा एकदा, त्याच लयीत. आणि बायांच्या बाजूने एक आवाज निघाला, चिरका, बेसूर, परंतु नेमका तोच चरण, जेथे तुटला तेथून. गोजरबाईसाहेब होत्या. मग म्हाताऱ्यांनी घेतला, मग टाळ निघाले, मग ज्यांस येत नव्हता त्यांनी दुसऱ्या खेपेस घेतला, आणि सात मिनिटे सरली की अधिक जाहली याचा हिशेब कोणी ठेविला नाही, कारण उकंडरावांच्या हाती पुन्हा टाळ आले होते आणि डोळे मिटले होते.

गजर थांबला तेव्हा महाराजांनी पाटीवर लिहोन पाटी उकंडरावांपुढे धरिली: "काऊन बे उकंड्या, कॅसेट काऊन नाही पलटवली?"

उकंडरावांनी पायांवर डोके ठेवून कबुली दिली, "महाराज, मले भानच नव्हतं. तुमी चरण घेतला, अन् मले वाटलं, आता खाली वाकलो त हे हुकते. चोरी केली म्या, अन् तीस साल झाकली."

यावर गोजरबाईसाहेबांनी भर मंडपात निवाडा दिला ऐसा की, "झाकली म्हने! साईड संपाले आली का यायले खोकला येते, अन् पलटवली का बरा होते. डाक्टरले दाखवायचा खोकला हाये का तो? साऱ्या गावाले ठाऊक हाये."

मंडप हसला. महाराज हसले ते बिनआवाजाचे, परंतु खांदे गदागदा हलले.

मग दुसरी बाजू लावोन कीर्तन शेवटास नेले, आणि तहाची कलमे ठरली. कलम पहिले, खंडेनवमीस पूजा डबीची करावी, कॅसेटीची नव्हे, आणि अक्षता एक हात दुरोन टाकाव्या. कलम दुसरे, ज्ञानेश्वरांनी पेनड्राइव्ह करावा, परंतु जोड न घालिता, सात मिनिटे रिकामी राखोन. कलम तिसरे, ते तीन दाणे गोजरबाईसाहेबांच्या स्वाधीन करावे. त्यांनी ते तुळशीत टाकिले, आणि चूक आपली होती ऐसे आजतागायत मान्य केले नाही.

निघतेसमयी महाराजांनी कॅसेटीची डबी मागितली. कागदावरील "संपूर्ण" या शब्दावर रेघ मारिली, आणि खाली आपल्या हाते नोंद केली, ती जैसी आहे तैसी येथे उतरोन घेतो, म्हणजे मोहीम फत्ते जाहल्याचा दाखला पुरा होतो:

"सात मिनिटे कमी. टाळकरी रंगला होता. मोतीराम."