मेणातल्या बाया

भुरे मॅडमनी एकदा उद्घाटनाला आलेल्या प्रमुख पाहुण्यांना नाक खाजवलं म्हणून प्रयोगशाळेबाहेर काढलं होतं. पाहुण्यांच्या हातात रबरी मोजे होते, गळ्यात हार होता आणि भाषण जिभेवर येऊन थांबलं होतं. मॅडम म्हणाल्या, "मोजे बदला जी. नाकाले हात लागला. आन् भाषण बाहेर करा, थुका उडते." फीत शेवटी व्हरांड्यात कापली गेली.

भंडाऱ्याच्या त्या कॉलेजात मी ग्रंथपाल होतो. ग्रंथालय आणि मॅडमची प्रयोगशाळा यांच्यात एकच भिंत. आता त्या निवृत्त होऊन सिहोऱ्याला, आपल्या गावी राहतात. मीही घरी बसलो आहे, आणि मोजे न घालता कशालाही हात लावला की अजून उगाच दचकतो.

त्यांचं काम असं. इस्पितळात कधीकाळी काढलेल्या गाठींचे तुकडे फॉर्मालिनमध्ये मुरवून मेणाच्या ठोकळ्यात बसवून ठेवतात. अशा जुन्या ठोकळ्यांतून मॅडम आरएनए काढायच्या. आरएनए म्हणजे जनुकांनी पेशीला धाडलेल्या चिठ्ठ्या. कोणतं जनुक कामावर होतं आणि कोणतं झोपलं होतं, ते त्यांवरून कळतं. या चिठ्ठ्या फाडणारं विकर घामात, थुंकीत, बोटांवर, सगळीकडे असतं. त्यामुळे मॅडमच्या लेखी मनुष्यजात ही मुळातच एक भेसळ होती. संक्रांतीचा तिळगूळ त्यांनी माझ्याकडून चिमट्याने घेतलेला आहे.

"पण मेणात चिठ्ठ्या शाबूत राहतात का?" मी एकदा विचारलं.

"कायच्या राह्यतात! जुना धान गिरणीत टाकला तं अख्खा तांदूळ येते का जी? कनीच येते. मंग कनीची खीर करा लागते."

भाताची अपेक्षा ठेवायची नाही, तुकड्यांतूनच अर्थ लावायचा. आंतरराष्ट्रीय परिषदांतून मोठमोठे लोक तासभर जे सांगत, ते एवढंच होतं, असं मला पुढे कळलं.

सगळे ठोकळे स्तनाच्या गाठींचे. त्यांवर फक्त क्रमांक आणि वय. मॅडम मात्र प्रत्येकाला 'बाई' म्हणत. चांगला आरएनए निघाला नाही की डबा उघडताना सांगत, "आजची बाई बोलूनच नाही राह्यली."

अशीच एक न बोलणारी बाई होती, अगदी तरुण वयाची. तिचा ठोकळा दोनदा कापला. दोन्ही वेळा निघाला तो नुसता कोंडा. आता मेणात नखाएवढंच मांस उरलं होतं. विभागप्रमुखांना मात्र शोधनिबंधासाठी तरुण वयाचा नमुना हवाच होता. त्यांनी फर्मावलं, "उरलंय ते सगळं कापा."

"नाही सर."

"काहून?" रागात सरांची पुणेरी मराठी क्षणभर गळून पडली.

"घरच्या ढोलीत साठवलेला धान खरडून नाही खात, सर. बियाले ठेवा लागते."

"अहो, पेशंट कधीच गेली असेल! कोण येणार आहे विचारायला? मग निबंधात तुमचं नाव राहणार नाही, सांगून ठेवतो."

नाव राहिलं नाही. मॅडमची सगळी नोकरी दुसऱ्यांच्या निबंधांखालच्या आभारांत गेली होती. वर नाव येण्याची ती पहिलीच वेळ ठरली असती.

त्या दुपारी डबा खाताना मी म्हणालो, "एवढ्याशा तुकड्यासाठी कशाला हट्ट केला, मॅडम?"

त्यांनी भाजी माझ्याकडे सरकवली. "माह्या आईचा बी असाच ठोकळा होता, नागपूरले. आई गेली. मंग लहान बहिणीले गाठ आली. डॉक्टर म्हने, आईचा ठोकळा आना, दोघींच्या जनुकातला बिघाड एकच हाय का पाहू. मी गेली. खिडकीवरचा मानूस चांगला होता बिचारा. 'ताई, कोनाच्या तरी संशोधनात संपला,' म्हने."

"आणि बहीण?"

मॅडमनी डब्याचं झाकण लावलं. "चला जी, मेण तापत ठेवलं हाय."

मी त्यांच्यामागोमाग उंबऱ्यापर्यंत गेलो. त्या न बोलणाऱ्या बाईच्या ठोकळ्याच्या कापलेल्या बाजूला हवा लागू नये म्हणून त्या तिच्यावर वितळलेलं मेण थेंबाथेंबाने सोडत होत्या. इतकं सावकाश, की जणू तापलेल्या पोरीच्या कपाळावर पाण्याची घडी ठेवत असाव्यात.

"आणि कोणी आलंच नाही, तर?"

"नाही आलं तं बेसच," त्या मान वर न करता म्हणाल्या. "तिच्या घरच्या बाकीच्या बाया बऱ्या हायेत, असं समजायचं."