काटेकोरांची दाढी

दहातल्या नऊ पुरुषांना दाढी करता येत नाही, असं काटेकोरांनी सकाळी सकाळी बायकोला ऐकवलं. स्वतः ते अर्थातच दहावे! त्यांच्या गळ्यावरचे लाल चट्टे नुकते कुठे निवले होते, तेही दोन दिवस ब्लेडला हात लावला नव्हता म्हणून. बायकोनं पाणी तापायला ठेवलं. बोलून उपयोग होत असता, तर घर कधीच सुधारलं असतं.

काटेकोर हे नाव हमालांनी त्यांना पाठीमागे दिलेलं. एका मोठ्या गोदामात ते सुपरवायझर होते. 'ही बाजू वर' असं सांगणारे बाण खोक्यांवर काढायचं काम ते दुसऱ्या कुणाला करू देत नसत, जणू बाण काढायला वरून वरदान लागतं. मार्करही त्यांनीच शोधून आणला होता. खोकं भिजो, घासो, शाई हटणार नाही. शिवाय भिंतीवर त्यांनी स्वतःचा नियम ठळक अक्षरांत लावला होता : ज्या खोक्यावरचे बाण एका दिशेला नाहीत, ते बाजूला ठेवावे.

आज मोठे साहेब गोदामाचा मॅनेजर निवडायला येणार होते. उमेदवार दोनच. एक काटेकोर आणि दुसरा रात्रपाळीचा सुपरवायझर, ज्याची दाढी छातीवर रुळायची. ज्याला आपलं तोंड आवरता येत नाही तो गोदाम काय आवरणार, असं काटेकोर चारचौघांत म्हणत. आता दाढी केली की स्वतःचा गळा पुन्हा भाजल्यासारखा होणार, तो घेऊन साहेबांपुढे कसं उभं राहायचं? ती खुर्ची त्यांना जिवापाड हवी होती.

बायकोनं सुचवलं की गाल कोमट पाण्यानं नीट भिजू द्यावेत, ब्लेड नवं घ्यावं आणि दाबू नये. इतकी साधी गोष्ट काटेकोरांना कशी पटावी! पण हाताशी कोमट पाणी होतंच, म्हणून उपकार केल्यासारखे त्यांनी गाल भिजवले. त्यांची खरी भिस्त एका व्हिडिओवर होती. केस ज्या दिशेला वाढतात त्याच दिशेनं ब्लेड फिरवायचं, म्हणजे आग होत नाही. त्यांनी बोटांनी चाचपलं. गालावर केस खाली, हनुवटीखाली डावीकडे, गळ्यावर चक्क वर. एवढं लक्षात कसं राहणार? खुणा हव्यात.

बायकोनं भुवयांची पेन्सिल पुढे केली.

"पाण्यानं पुसली जाणारी पेन्सिल काय चाटायचीय?" असं म्हणून काटेकोरांनी बॅगेतून मार्कर काढला.

बाण सुरेख आले. सवयीचा हात तो. मग त्यांनी ब्रशनं साबणाचा भरघोस फेस केला, कानापासून गळ्यापर्यंत थापला आणि रेझर उचलून आरशात पाहिलं. आरशात नुसता फेस होता.

"दिसतायत का हो बाण?" बायकोनं विचारलं.

काटेकोरांनी तिला बाहेर जायला सांगितलं. मग अंदाजानं, बिचकत, अगदी हलक्या हातानं त्यांनी दाढी उरकली. आणि काय आश्चर्य! ना चट्टा, ना आग. गळा लोण्यासारखा मऊ. बायकोला हाक मारून शास्त्राचा महिमा सांगायचा म्हणून त्यांनी तोंड पुसलं. खुंट गेल्यामुळे बाण आता पहिल्यापेक्षा ठसठशीत दिसत होते.

साबण झाला, तेल झालं. शेवटी काटेकोरांनी टाचा घासायची वजरी घेतली. बायको नको नको म्हणत असताना त्यांनी ती गळ्यावर चालवली. शाई मुळीच हटली नाही, मात्र कातडी हटली. एवढी आग तर आयुष्यभराच्या चुकीच्या दाढ्यांनी मिळून केली नसेल.

गळ्याला मफलर गुंडाळून आणि तोंडावर रुमाल धरून ते गोदामात पोचले. दाढ दुखते म्हणाले. साहेबांना वाईट वाटलं. बोलता बोलता त्यांची नजर भिंतीवर गेली.

"हा नियम चांगला आहे. कुणी लावला?"

झालं! एवढ्या सुखाच्या प्रश्नावर दाढदुखी कुठली टिकायला? काटेकोरांनी रुमालासकट हात उंचावून नियमाकडे दाखवलं आणि मफलर सैल करत म्हणाले, "मीच साहेब. आणि त्याला अपवाद नाही."

साहेबांनी गाल पाहिला, हनुवटी पाहिली, गळा पाहिला. मग पुन्हा एकदा भिंत पाहिली. कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. रात्रपाळीच्या सुपरवायझरनं पुढे होऊन काटेकोरांचा दंड धरला, त्यांना हळूच बाजूला नेलं आणि एका खोक्यावर बसवलं. मुलाखत त्याची एकट्याचीच झाली.

शाई काही दिवसांत गेली. तोवर लपवायला म्हणून वाढवलेली दाढी मात्र राहिली, कारण रेझर पाहिला की काटेकोरांना अजून घाम फुटतो. दाढी भयंकर खाजते. परवा नवे मॅनेजर थांबून आपुलकीनं सांगून गेले की रोज थोडं तेल चोळावं, आणि चोळताना केसांच्या दिशेनं चोळावं.