देवदूतांची पोचपावती

व्हिस्की चांगली आहे की नाही, हे ती पिणाऱ्याला कळत नाही. ते कळायला मंडळ लागतं. आमचं मंडळ त्यासाठीच स्थापन झालं. पूर्ण नाव ‘लघु व नवोदित आसवनी सिंगल माल्ट आस्वाद प्रमाणन मंडळ’. फोन उचलून एवढं नाव म्हणेपर्यंत निम्मे लोक फोन ठेवून देतात आणि बरंच काम तिथेच निकाली निघतं. मी या मंडळाचा सदस्य-सचिव. आमच्या शिक्क्याशिवाय कुठल्याही छोट्या, नव्या डिस्टिलरीला आपली बाटली दुकानात ठेवता येत नाही, आणि शिक्का माझ्या खणात असतो. खणाची किल्लीही माझ्याकडेच असते.

मंडळावर आणखी दोघं आहेत. अध्यक्षांनी जन्मात दारूच्या थेंबाला स्पर्श केलेला नाही. निःपक्षपाती माणूस हवा म्हणून मुद्दाम शोधून आणलेत. दुसरे आमचे आस्वादतज्ज्ञ. त्यांना ऑफिसात सगळे ‘नाक’ म्हणतात. दोन वर्षांपूर्वी एका जबर सर्दीत त्यांचा वास गेला, तो काही परत आला नाही. पण शब्द सगळे शाबूत राहिले, आणि आमच्या फॉर्मात रकाना वर्णनाचा आहे, वासाचा नाही. त्यामुळे कामात खंड पडला नाही.

रंग बघून मत बनू नये म्हणून आम्ही चव काळ्या काचेच्या पेल्यातून घेतो. बाटल्याही काळ्याच मागवतो, चांगल्या जाड बुडाच्या. पारदर्शक कारभार म्हणतात तो आणखी कसा असतो?

अशा या मंडळापुढे एक दिवस माझे साडू अर्ज घेऊन उभे राहिले. बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे. एके दिवशी काय डोक्यात आलं कोण जाणे, नोकरी सोडली, घरामागच्या शेडमध्ये तांब्याचं भांडं बसवलं आणि माल्ट गाळायला लागले. डिस्टिलरी म्हणजे ती शेड, ते भांडं आणि ओकच्या लाकडाचं पन्नास लिटरचं एकच पिंप. तीन वर्षं ते पिंप त्यांनी तान्ह्या बाळासारखं सांभाळलं. स्वतः चमचाभरसुद्धा चाखली नाही; म्हणायचे, मुरतंय ते मुरू दे. या एका पिंपाच्या बाटल्या विकल्या जाणार, त्यातून पुढची दोन पिंपं भरणार, असा बेत होता. नाही विकल्या तर शेडला कुलूप, आणि शाळेत त्यांच्या जागी केव्हाच दुसरा मास्तर आलेला.

“काय म्हणताय?” त्यांनी खिडकीतून हसून विचारलं.

“ओळख दाखवू नका,” मी कुजबुजलो. “लोक काय म्हणतील?”

“कोण लोक?” त्यांनी मागे वळून पाहिलं. रांगेत ते एकटेच होते.

“नात्यातल्या माणसाला नियम जरा जास्तच लावावा लागतो,” मी म्हणालो, आणि इतरांकडून तीन बाटल्यांचा नमुना घेतो तिथे त्यांच्याकडून सहा घेतल्या. माझ्या सचोटीवर आजवर कुणी बोट ठेवलेलं नाही, ते उगाच नाही.

पहिली हरकत पहिल्याच पानावर निघाली. पिंपात भरले पन्नास लिटर आणि तीन वर्षांनी निघाले सत्तेचाळीस.

“तीन लिटर कुठे गेले?” मी विचारलं.

“उडाले.”

“उडाले म्हणजे?”

“लाकडातून हवेत जातात हळूहळू. जगभर जातात. आमच्या धंद्यात त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात,” साडूबुवा वर्गात समजावून सांगतात तसं म्हणाले, आणि हसले.

हसायला नको होतं. मी शेऱ्यात ‘देवदूतांचा वाटा, तीन लिटर’ असं लिहिलं आणि फाइल अध्यक्षांपुढे ठेवली. अध्यक्षांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं.

“वाटा म्हटला की वाटेकरी आले,” ते म्हणाले. “वाटेकऱ्यांची पोच कुठाय?”

पोच नव्हती. मग पत्र गेलं: ‘आपण तीन लिटर माल्ट देवदूतांस दिल्याचे नमूद केले आहे. तरी सदर देवदूतांची, अथवा त्यांच्या अधिकृत प्रतिनिधीची, स्वाक्षरीसह पोचपावती पंधरा दिवसांत सादर करावी. अन्यथा माल परस्पर विकला गेला असे गृहीत धरण्यात येईल. सोबत ताजा नमुना, बाटल्या सहा, जोडावा.’

साडूबुवांचं उत्तर एका ओळीचं होतं: ‘देवदूत सही करत नाहीत.’

“हे बरं झालं, लेखी दिलं,” अध्यक्ष म्हणाले. लाभार्थी सही करू शकत नसेल तर त्याच्या वतीने प्रतिनिधी नेमता येतो, असा नियमच आहे. प्रतिनिधी कसा हवा? ज्याचा मालाशी काही संबंध नाही, पण माल रोज ज्याच्या हाताखालून जातो, असा. असं शोधत गेलं की शेवटी माणूस आपल्याच खुर्चीपाशी येतो. ‘मंडळ हेच देवदूतांचे अधिकृत प्रतिनिधी’ असा ठराव झाला. सूचक नाक, अनुमोदक मी. त्या दिवसापासून देवदूतांचा वाटा नमुन्याच्या बाटल्यांतून टेबलनिहाय आमच्याकडे जमा होऊ लागला. टेबलं सात. जितके दिवस फाइल टेबलावर, तितका त्या टेबलाचा वाटा. फाइली पुढे सरकेनात याचं कारण आळस आहे असं बाहेरचे म्हणतात. त्यांना विभागातली कर्तव्यनिष्ठा दिसत नाही.

घरी मात्र बायकोचा पारा चढलेला.

“ताईचा फोन होता. अहो, भावजींचं काम अजून का अडलंय?”

“अडलेलं नाही. चालू आहे.”

“चालू आहे तर पुढे का जात नाही?”

“चालू राहिलं की पुढे जायची गरज नसते.”

“कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, ते तुम्हाला बघूनच म्हणाले असतील,” ती म्हणाली आणि भाजीची पातेली दाणकन खाली ठेवली. बायकांना कार्यपद्धती समजावून सांगणं अवघड असतं. मी जेवून उठलो.

दुसऱ्या संचाची चव मंडळाने रीतसर घेतली. नाकांनी पेला तीनदा फिरवला, डोळे मिटले आणि सांगायला सुरुवात केली. “सुरुवातीला बंद कपाट. मग पावसात भिजलेला दोरखंड. मधे कुठेतरी मावशीच्या घराचा जिना. शेवटी नवी वही.” मी भराभरा लिहून घेतलं. हेच वर्णन त्यांनी आदल्या आठवड्यात दुसऱ्या एका माल्टचं केलं होतं, फक्त तिथे जिना काकांचा होता.

मग अध्यक्षांनी फॉर्मातला मुख्य प्रश्न विचारला. “स्कॉचसारखी आहे का?”

“आहे,” नाक म्हणाले.

“म्हणजे नक्कल. हरकत नोंदवा.”

साडूबुवांनी पुढच्या सहा बाटल्यांबरोबर कळवलं की त्यांनी कुणाची नक्कल केलेली नाही, हे पाणी, हे धान्य आणि ही हवा त्यांची स्वतःची आहे. मंडळाने पुन्हा चव घेतली आणि पटलं की स्कॉचसारखी नाही. मग स्कॉचसारखी नाही, ही त्रुटी नोंदवावी लागली. त्यानंतरची हरकत ‘नवोदित’ या शब्दावर निघाली. नवोदित असल्याचा किमान पाच वर्षांचा अनुभव लागतो आणि साडूबुवांना तीनच वर्षं झालेली. पुढे एकदा सभेला गणपूर्ती झाली नाही, म्हणून सभा तहकूब झाली. नमुना मात्र तहकूब करता येत नाही, तो उघडलेला होता. प्रत्येक हरकतीला सहा ताज्या बाटल्या. नमनालाच घडाभर तेल लागतं म्हणतात, इथे पिंपभर माल्ट लागत होती एवढाच फरक.

नऊ हरकती झाल्यावर एका रविवारी संध्याकाळी साडूबुवा घरी आले. माणूस वाळला होता. बायकोने त्यांना आत बसवलं, माझ्याकडे एक कटाक्ष टाकला आणि चहा टाकायला गेली. साडूबुवांची नजर काचेच्या कपाटाकडे गेली. तिथे नमुना क्रमांक घातलेल्या नऊ काळ्या बाटल्या ओळीने उभ्या होत्या.

“ह्या इथे कशा?”

“उद्या कोणी अपील केलं तर? पुरावा जपून ठेवायला नको?”

त्यांनी बोटाने बाटल्या मोजल्या. मला ते बोलले असते तर बरं वाटलं असतं. मी एक बाटली काढली आणि थोडी त्यांच्यापुढे ओतली, साध्या पाण्याच्या ग्लासात. त्यांनी ग्लास खिडकीपाशी नेला आणि कितीतरी वेळ नुसता रंग बघितला. मग एक घोट घेतला. स्वतःची माल्ट ते पहिल्यांदाच पीत होते.

“छान झालीय हो,” ते हळूच म्हणाले. डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या. “पिंपात आता सातच बाटल्या उरल्यात. एवढ्या तरी विकू द्या. लोकांना कळू दे, मी काय करत होतो ते.”

माझा हात खिशाकडे गेला, खोटं कशाला सांगू? शिक्का खणात होता आणि खणाची किल्ली खिशात. “मंगळवारी सभा आहे,” मी म्हणालो. “सहा घेऊन या. यावेळी नक्की.”

सोमवारी त्यांनी सहा बाटल्या आणल्या. मी स्वतः त्या आवक टेबलावर ठेवल्या आणि तातडीचा लाल कागद चिकटवला. लाल कागद बघताच सातही टेबलांनी कधी नव्हे तो झपाटा दाखवला. उद्या फाइल हातची जाणार म्हटल्यावर प्रत्येकाने आपला वाटा त्याच दिवशी उचलला. मंगळवारी अकरा वाजता सभा सुरू झाली. शिपायाने पहिली काळी बाटली काळ्या पेल्यावर तिरकी केली. मग आणखी तिरकी केली. मग उलटी केली.

“साहेब, काही पडत नाहीये.”

“तुम्ही आस्वादतज्ज्ञ आहात का?” अध्यक्षांनी विचारलं.

“नाही साहेब. पण बाटली—”

“मग तज्ज्ञांना बोलू द्या.”

शिपाई तोंड मिटून तीनही पेल्यांवर बाटली फिरवत गेला. अध्यक्ष पीत नाहीत, ते नुसतं हुंगतात. त्यांनी हुंगलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी आजवर न पाहिलेलं समाधान पसरलं. “मला पहिल्यांदाच कशाची मळमळ झाली नाही,” ते म्हणाले. नाकांनी पेला फिरवला, ओठांना लावला, मान मागे टाकली. मी त्यांच्याकडे पाहत होतो. एक क्षण त्यांचे डोळे उघडले आणि त्यांना कळलं, हे मला कळलं. पण नाक म्हणून पगार घेणारा माणूस ‘मला काहीच लागत नाही’ असं कसं म्हणेल?

“विलक्षण संयम,” ते म्हणाले. “कुठेही आपलं अस्तित्व लादत नाही. आणि शेवट... शेवट तर संपतच नाही.”

“सचिव, तुमचं मत?”

पेला कोरडा होता. तसं म्हणालो असतो तर सात टेबलांची चौकशी, आणि सातवं टेबल माझं. शिवाय साडूबुवांचं काम होत होतं, बायको खूश होणार होती. “सहमत,” मी म्हणालो.

शंभरपैकी अठ्ठ्याण्णव गुण पडले. मंडळाच्या इतिहासात एवढे कुणालाच पडले नव्हते. मी स्वतःच्या हाताने शिक्का मारला आणि प्रमाणपत्र घेऊन साडूबुवांच्या शेडमध्ये गेलो. ते पिंपावर बसले होते. पिंप पोकळ वाजत होतं.

त्यांनी प्रमाणपत्र वाचलं. खालची अट त्यांनी मोठ्याने वाचली: ‘विक्रीस ठेवलेली प्रत्येक बाटली मंजूर नमुन्याशी तंतोतंत जुळणारी असावी.’

“मंजूर नमुन्यात काय होतं?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. मेहुणी दारात उभी राहून ऐकत होती. साडूबुवांनी प्रमाणपत्राची नीट घडी घातली.

“माझ्याकडे एक बाटली आहे अजून,” शेवटी ते म्हणाले. “भरलेली.”

“ती नमुन्याशी जुळत नाही,” मी म्हणालो. “जप्त करावी लागेल.”

मास्तर माणूस, नियम पाळण्यात जन्म गेला. त्यांनी ती काढून दिली आणि दुसऱ्या दिवसापासून नियमाप्रमाणे बाटल्या भरायला, म्हणजे न भरायला, लागले. काळी काच, जाड बूड, लाखेचं सील, वर अठ्ठ्याण्णव गुणांचं लेबल. पहिल्या तीनशे बाटल्या दुपारपर्यंत संपल्या. आता प्रतीक्षायादी दोन वर्षांची आहे. शेड वाढवली, मेहुणीने नवे पडदे लावले, बायको माझ्याशी गोड बोलते. तांब्याचं भांडं त्यांनी घासूनपुसून बैठकीत शोभेला ठेवलंय. ते तेवढं कुणी बघायला लागलं की साडूबुवा उठून आत जातात.

जप्त बाटली नष्ट करण्याचं काम माझ्याकडे आहे. रोज थोडी थोडी करतो. खरंच छान झालीय.

आपणही एक बाटली घेतलीत, आमच्या यादीत आपलं नाव आहे. परवा पाहुणे आले तेव्हा उघडलीत, पेला फिरवलात, डोळे मिटलेत आणि म्हणालात, “पहिल्या घोटाला कळत नाही, सवय लागते.” पाहुण्यांनीही मान डोलावली. त्यात काही गैर नाही. तरीही बाटलीत काही उणं आढळलं असेल तर एक महिन्याच्या आत साध्या कागदावर लेखी तक्रार करता येते, शुल्क नाही. महिना काल संपला. मी आवक नोंदवही शेवटपर्यंत चाळली. एकही तक्रार आलेली नाही. आपलीही नाही.