चित्राबरहुकूम

उदगीरचे धान्याचे आडते गुरुलिंगअप्पा यांनी त्या मंगळवारी स्वतःच्या नव्या घराचं चित्र पुन्हा नाकारलं. घर बांधून झालं होतं. राहायच्या परवान्यासाठी आता फक्त संगणकावरचं चित्र हवं होतं आणि ते 'वास्तवदर्शी' असावं, असा कार्यालयाचा नवा आदेश होता.

"ही गोरी बाई कोण रे? अन् कुत्रं घेऊन आपल्या गल्लीत कशाला आली?"

चित्र करायला लातूरहून आलेल्या सिद्धलिंगनं बाई काढली, कुत्रं काढलं. लोंबत्या तारा, पाण्याची टाकी, शेजाऱ्याची म्हैस घातली. तरी अप्पांना घर रिकामंच वाटलं. मग त्यानं ओट्यावरच्या खुर्चीत लुंगी-बनियनमधले अप्पा बसवले आणि वरच्या खिडकीत त्यांची मुलगी उभी केली.

"वरची खोली तुझी," अप्पा नांदेडहून आलेल्या मंजुश्रीला म्हणाले. "येतीस का राहायला?"

"बघू, अप्पा."

चित्र संध्याकाळी कार्यालयात मंजूर झालं. अप्पा पहाटे गेले.

महिन्याभरानं तपासणीला वैजनाथ साहेब आले. तारा जुळल्या, टाकी जुळली, म्हैस जुळली. खुर्चीपाशी ते थांबले.

"इथं एक इसम दर्शवला आहे. जागेवर आढळत नाही."

"ते वारले," मंजुश्री म्हणाली.

"वाईट झालं. पण मंजुरी चित्राला आहे."

"मग चित्रातनं काढून टाका की," महांतेशकाका म्हणाले.

"काढायचं नाही," मंजुश्री म्हणाली.

"काढताही येणार नाही. चित्र बदललं की मंजुरी गेली. नवी मंजुरी पूर्ण घराला मिळते आणि मंजुरी नसलेलं घर आम्ही पूर्ण धरत नाही."

मंजुश्रीची आई, अव्वा, भाड्याच्या खोलीत सामान बांधून बसली होती. काकांनी भावाची लुंगी नेसली, बनियन घातलं आणि खुर्चीत बसले.

"पोट जरा पुढं घ्या," साहेब म्हणाले.

काकांनी घेतलं. शेजारी जमले. अप्पांशी रोज ओट्यावर गप्पा मारणाऱ्या या मंडळींनी एकदा चित्राकडे पाहिलं, एकदा काकांकडे.

"हुबेहूब हाय," एकजण म्हणाला. कोणालाच काही कमी वाटलं नाही.

"आता वरची मुलगी."

मंजुश्री वर गेली, खिडकीत उभी राहिली. दोघा भावांचं टक्कल वरून सारखंच दिसत होतं.

"अप्पा," ती म्हणाली.

"मॅडम, चित्रात तुमचं तोंड मिटलेलं आहे," साहेब खालून म्हणाले. "वास्तवाला धरून राहा."

काकांनी मान वर केली नाही. चित्रात मान खाली होती.

"अप्पा, मला यायचं होतं. मी येणारच होते."