रोबोच्या हाताला गुण आहे

विश्वास ही मानवी शरीरातील अत्यंत नाजूक ग्रंथी असून वेळेवर झालेल्या कामाने ती ताबडतोब सुजते. रुग्णालयाच्या व्यवस्थापनाला हे ठाऊक नव्हतं. म्हणून त्यांनी शस्त्रक्रिया करणारा रोबो आणला. चार हात, थरथर शून्य, आणि बोलणं इतकं गोड की भूल देण्याआधीच रुग्णाला बरं वाटावं.

चौकातल्या टेलरमास्तरांच्या पित्ताशयात खडे झाले होते. एक नाही, अकरा. (सोनोग्राफीच्या फोटोवर त्यांनी स्वतः टेप लावून पाहिली होती.) दोन दिवसांआड कळ यायची आणि मास्तर शिवणयंत्रावर आडवे व्हायचे. खडा नळीत अडकला तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. शेवटी बायकोनेच त्यांना रुग्णालयात नेलं.

"या काका, बसा," रोबो म्हणाला. "गुरुवारी सकाळी साडेनऊला ऑपरेशन करू. चाळीस मिनिटं लागतील. शंका असतील तर खुशाल विचारा, मला वेळच वेळ आहे."

मास्तर तडक उठले आणि घरी निघाले. गेली तीस वर्षं ते स्वतः गिऱ्हाइकांना 'गुरुवारी या' सांगत आले होते, आणि त्याचा अर्थ कापडाला अजून कात्री लागलेली नाही असा होतो, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? चार फेऱ्या मारल्याशिवाय मिळालेला कोट अंगाला बसत नाही, अशी गिऱ्हाइकांचीही खात्री होती.

"बाहेर एक चप्पल नव्हती गं," ते घरी येऊन म्हणाले. "ज्याला वेळच वेळ आहे त्याच्या हातात पोट देऊ?"

"मग तिथल्याच त्या सर्जनबाई आहेत की. वीस वर्षांचा हात आहे त्यांचा."

"त्यासुद्धा वेळेवर येतात," मास्तर खिन्नपणे म्हणाले.

मास्तर एकटेच असे नव्हते. पहिल्या तीन महिन्यांत रोबोने केलेल्या यशस्वी शस्त्रक्रिया तीन, आणि पळून गेलेले रुग्ण एकशे बारा. (पैकी एक अर्धवट भुलीत.) सबब 'रुग्णविश्वास संवर्धन समिती' नेमण्यात आली. समितीने एका अतिशय नावाजलेल्या सर्जनच्या दारात आठ दिवस बसून अभ्यास केला. (प्रत्यक्ष अभ्यास सातव्या दिवशी, सर्जन आल्यावर सुरू झाला.) त्यानुसार रोबोत पुढील सुधारणा झाल्या: त्याने किमान अडीच तास उशिरा यावे, आल्यावर कोणाकडेही पाहू नये, रिपोर्ट उलटा धरून 'हं' म्हणावे, आणि प्रश्न विचारणाऱ्यास 'डॉक्टर तुम्ही की मी?' असे विचारावे. अक्षर चांगले येत असल्याची तक्रार होती, म्हणून उजवीकडच्या एका हाताचा स्क्रू ढिला करण्यात आला.

पंधरा दिवसांत रांग जिन्याखाली गेली. मास्तरही तीन तास त्या रांगेत अवघडून बसले. मग रोबो आला आणि त्यांच्यावर खेकसला, "इतके दिवस झोपला होतात का? आता आणताय होय पोट!"

मास्तरांचे डोळे भरून आले. "बघितलंस?" ते बायकोला म्हणाले. "याला काहीतरी कळतंय."

रोबोने गुरुवार दिला. त्या गुरुवारी पुढचा दिला, मग त्याच्या पुढचा. दर खेपेला मास्तरांचा विश्वास दुणावत गेला आणि डोळे पिवळे होत गेले. तिकडे रोबोला परिषदा, सत्कार आणि फीत कापणं (हे काम त्याला फार छान जमे) यांतून ऑपरेशनला सवडच उरली नव्हती. समितीच्या दुसऱ्या अहवालात सुधारणांनंतर त्याच्या हातून एकही चूक न झाल्याबद्दल समाधान व्यक्त करण्यात आलं.

चौथ्या गुरुवारी खडा नळीत पुरता अडकला. मास्तर घामाने निथळत होते. रोबो 'वेळेवर उपचारांचे महत्त्व' या विषयावर भाषण करायला गेला होता. बायको रडतच सर्जनबाईंच्या खोलीत शिरली. बाई डबा खात होत्या. त्यांनी डबा बंद केला आणि त्या हात धुवायला उठल्या.

"वाचतील ना हो?"

"वाचतील. तास-दीड तास लागेल. तुम्ही इथेच बसा, मी स्वतः येऊन सांगते."

सव्वा तासाने त्या आल्या. सोबत बाटलीत अकरा खडे होते.

दोन दिवसांनी पट्टी बदलताना मास्तरांनी चष्मा लावून आपलं पोट निरखलं. "वा! काय टाका आहे!" ते म्हणाले. "माणसाच्या हातून असा टाका पडणं शक्यच नाही."

"अहो, या बाईंनी घातलाय तो," बायको म्हणाली. बाई तिथेच उभ्या होत्या, हातात कापूस घेऊन.

"तू गप्प बस. मला टाक्यातलं शिकवू नकोस. रोबोच्या हाताला गुण आहे!"

बाई हसल्या आणि पट्टी लावून पुढच्या खाटेकडे गेल्या. मास्तरांनी आजवर दुकानातून सतरा रुग्ण रोबोकडे पाठवलेत. त्यांना सध्या गुरुवार मिळालाय.

तुम्हाला मास्तरांचं हसू आलं असेल. यायलाच हवं, तुम्ही शहाणे. तुमचंही ते कधीपासून दुखतंय ना? मग बाईंकडे तुमचं नाव घालू? उद्या सकाळी साडेनऊ. नाही, रांग वगैरे काही नाही. हो, बरोबर साडेनऊलाच घेतात.

का हो, कुठे निघालात?