विचाराधीन गाडी

गाडी विकत घेणं कुणालाही जमतं. गाडी विकत न घेणं, तेही वर्षानुवर्षं, एकाग्र चित्ताने आणि दर शनिवारी, याला मात्र चारित्र्य लागतं. माझे वडील त्सुकुदा एइजी, नुमाझु शहराच्या पाणीपुरवठा विभागातून निवृत्त, यांच्याकडे ते होतं. ज्या शनिवारी ते शेवटचे नेहमीसारखे होते, त्या सकाळीही सुका बांगडा आणि भात खाऊन, टोपी घालून, ते गाडी न घेण्यासाठी घराबाहेर पडले. मी सुट्टीला आले होते म्हणून सोबत गेले.

विचाराधीन गाडी जर्मन होती. चार दारांची, गडद हिरवी, वापरलेली. दिसायला बँकेच्या संचालकासारखी आणि पळायला त्याच्या वाया गेलेल्या मुलासारखी. (हे वर्णन इनुझुकासान यांचं. ते बंदराच्या रस्त्यावर जुन्या परदेशी गाड्या विकतात आणि प्रत्येक गाडीबद्दल नातेवाइकाबद्दल बोलावं तसं बोलतात.) तिचं स्टिअरिंग डावीकडे होतं. आमच्याकडे गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, तेव्हा ते उजवीकडे असणं सोयीचं. पण ऐटीचा आणि सोयीचा काही संबंध नसतो, हे एका अख्ख्या पिढीला पक्कं ठाऊक होतं, आणि बाबा त्या पिढीचे होते.

"या त्सुकुदासान! सकाळीच पुसून उभी केलीय तिला."

"उगाच त्रास घेतलात. मी नुसता बघणार."

"तुम्ही बघून बघून तिचा रंग उडायला लागलाय हो."

बाबा हसले. मग हात पाठीमागे बांधून त्यांनी गाडीला प्रदक्षिणा घातली, आत बसले, बाहेर आले, दार लावलं, आणि दार लागल्याचा तो जाड, मऊ आवाज डोळे मिटून ऐकला. नंतर जवाचा गार चहा. नंतर, निघताना, टोपी काढून: "विचार करतो."

"अवश्य, अवश्य," इनुझुकासान कमरेत वाकून म्हणाले.

इथे एक तांत्रिक बाब स्पष्ट करणं भाग आहे. आमच्या देशात दुकानात, कचेरीत किंवा लग्नाच्या बोलणीत 'विचार करतो' असं म्हटलं, की त्याचा अर्थ 'नाही' असा होतो. हे शाळकरी पोरांनाही कळतं. त्यामुळे कुणाचं मन दुखावत नाही आणि कुणाला विचारही करावा लागत नाही. इतकी निर्दोष व्यवस्था जगात दुसरीकडे क्वचितच असेल. तिच्यात एकच दोष होता, तो म्हणजे माझे वडील. ते 'विचार करतो' म्हणायचे, घरी यायचे आणि विचार करायचे.

विचाराची कार्यपद्धती त्यांनी पाणीपुरवठा विभागातून जशीच्या तशी घरी आणली होती. तिथे एखादी झडप बदलायची असली तरी प्रस्ताव खालच्या टेबलापासून वरच्या टेबलापर्यंत फिरे आणि प्रत्येकजण आपला शिक्का मारी. साहेब एकटा काही ठरवत नसे. घरात शिक्के नव्हते, पण तत्त्व तेच. बाबांना आमच्यापैकी एकाचा तरी स्पष्ट 'हो' हवा होता. तो त्यांनी कधी मागितला नाही, कारण मागून मिळालेला 'हो' विभागात ग्राह्य धरला जात नसे.

प्रस्तावावर जेवणाच्या टेबलाशी साधकबाधक चर्चा होई. (ढोबळ अंदाजानुसार आमच्या घरातली साठ टक्के संभाषणं गाडीविषयी होती, पस्तीस टक्के माशाच्या काट्यांविषयी, उरलेली किरकोळ.) गाडीच्या बाजूचे मुद्दे बाबांचे: सीट कंबरेला धरून ठेवते, इंजिन खोकत नाही, आणि आयुष्यभर शहराला योग्य त्या दाबाने पाणी सोडलेल्या माणसाला एकदा तरी दाब न मोजता पाय दाबावासा वाटतो. शिवाय आमच्याकडे गाडी ठेवायला जागा आहे हे पोलिसांना दाखवल्याशिवाय गाडी नावावर होत नाही; त्यासाठी बाबांनी अंगणातल्या कुंड्या आधीच हलवल्या होत्या. (पत्नीला पटवण्याबाबत कायदा मौन बाळगून आहे.)

विरुद्ध बाजू आईकडे होती, म्हणजे भक्कम होती.

"अहो, इतक्यांदा बघितलीत ना, आता तिच्या घरी मागणी घालायला तरी जा."

"अगं, जबाबदारीचा निर्णय असतो."

"आणि पार्किंगच्या फाटकाशी तिकिटाचं यंत्र उजवीकडे. तुम्ही डावीकडे ऐटीत बसणार, आणि मी खिडकीतून हात काढून भिकेला लागल्यासारखी तिकीट ओढणार?"

"हात लांब करायला चिमटा मिळतो म्हणे."

"मग चिमट्याशीच संसार करा."

याखेरीज सुटे भाग जर्मनीहून येतात. दर दोन वर्षांनी सरकारी तपासणी, आणि जुन्या गाडीच्या पोटात तपासणीवाल्यांना नेहमीच काहीतरी सापडतं. पेट्रोल ती सगळ्यात महागातलं पिते. आणि अशा गाडीत गुंड फिरतात या समजुतीने लोक घाबरून वाट देतात. या शेवटच्या मुद्द्याने बाबा खरोखर अस्वस्थ व्हायचे. आपल्याला कुणी घाबरावं हे त्यांना सहन होत नसे. माझा मुद्दा त्यांच्या वयाचा होता. तो मी 'सुरक्षितता' या शीर्षकाखाली मांडत असे.

'घेऊ नका' असं आमच्यापैकी कुणी म्हणालं नाही. आम्ही सुसंस्कृत माणसं आहोत.

त्या शनिवारी परतताना, आमच्या डब्यासारख्या चौकोनी गाडीत, बाबांनी सिग्नलला विचारलं, "कशी वाटली, फुमी?"

"छान आहे."

"छान आहे ना?"

"सगळ्या बाजूंनी विचार करा म्हणजे झालं."

"तो चालूच आहे," बाबा म्हणाले आणि हिरवा दिवा लागल्यावर, मागच्याने भोंगा वाजवण्याची वाट पाहून, निघाले.

मंगळवारी सकाळी ते उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय.

मृत्यूनंतरच्या एकोणपन्नासाव्या दिवसाचा विधी उरकल्यावर कळवायची जी माणसं राहिली होती, त्यांत इनुझुकासान होते. मी गेले. हिरवी गाडी जागेवर होती.

"अरेच्चा, आज एकट्याच? बरेच दिवस आले नाहीत ते. रागावले की काय माझ्यावर?"

मी सांगितलं. त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं आणि बराच वेळ वाकून राहिले. मग म्हणाले, "फार सभ्य माणूस. घ्यायची नाही, हे कधी तोंडावर म्हणाले नाहीत. दर वेळी 'विचार करतो' म्हणून माझा मान राखायचे."

"ते विचार करत होते, इनुझुकासान."

"हो, हो. तेच ते."

"तसं नाही. घरी येऊन करायचे. जेवताना, अंघोळ करताना. खरोखरचा."

ते माझ्याकडे पाहत राहिले, मग गाडीकडे. "खरोखरचा विचार?" त्यांनी हळूच विचारलं. "मग कुणीतरी सांगायचं नाही का हो मला! मला वाटायचं, माणूस चहाला येतो."

त्यांनी गाडीचं उजवं दार उघडलं आणि स्वतः दूर जाऊन एका टायरकडे अत्यंत लक्षपूर्वक पाहू लागले. मी आत बसले. डावी सीट रिकामी होती.

या टप्प्यावर वाचकाला राहून राहून वाटत असेल की, झालं ते वाईटच, पण गाडी घेतली नाही हे एका अर्थी बरं झालं. सुटे भाग, तपासणी, पेट्रोल. मुद्दे आपल्याला पटले, हे मला ठाऊक आहे. ते पटण्यासारखेच होते. आपल्याही घरात कुणाचं तरी काहीतरी विचाराधीन असेल. आपण हरकत घेतली नसेलच. आपण फक्त मुद्दे मांडले असतील. आपलं चालू द्या.

मी डाव्या सीटकडे वळले आणि इनुझुकासानना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "बाबा, घेऊन टाका."